ओव्याचं फूल की ॲझिथ्रो?

गेल्या महिन्यात पंचवटीतल्या आमच्या घरी पुतण्याचा घसा धरला आणि घरात दोन पक्ष पडले. दादाने मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ॲझिथ्रो या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या आणल्या. आई म्हणाली, "पोराच्या पोटात ते विष कशाला? अमृतधारेचे दोन थेंब द्या." व्हिडिओ कॉलवर पंच म्हणून बसवलं मला, इथे नेदरलँड्समध्ये.

आईचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घातले की तिन्ही घट्ट पदार्थ आपोआप पातळ होतात; तीच अमृतधारा. लहानपणी ती जादूच वाटायची. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. थायमॉल काय, लवंगेतलं युजेनॉल काय, जिवाणूच्या आवरणालाच खिंडार पाडतात. प्रयोगशाळेतल्या बशीत भलेभले जिवाणू त्याने मरतात. दाताचे डॉक्टर आजही युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दाढेत भरतात.

पण शरीर म्हणजे बशी नव्हे. असली सुगंधी तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत. बशीत जेवढी मात्रा लागते तेवढी रक्तात पोचवायची म्हटली, तर आधी आपल्याच पेशींना इजा व्हायची. शिवाय द्राक्षाची साखर जशी बागेगणिक वेगळी, तसं ओव्यातलं थायमॉल वाणागणिक आणि जमिनीगणिक वेगळं. मग दोन थेंब म्हणजे नक्की किती? कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, हे सांगितल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दादाचंही चुकलंच. घसा बहुतेकदा विषाणूंमुळे दुखतो आणि विषाणूंपुढे ॲझिथ्रो काही कामाची नाही. उगाच घेतलेल्या गोळीने पोटातले जिवाणू मात्र तिला सरावतात.

इथे माझ्या लेकीचा कान ठणकत होता तेव्हा डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितली आणि तीन दिवसांत उतार पडला नाही तर या म्हणाले. गोळी नाही, तेल नाही, काही नाही. मी चरफडत घरी आलो. कान तिसऱ्या दिवशी बरा झाला. नाशिकच्या वादात नेमका हाच पर्याय कुणाच्या तोंडी नव्हता. काहीतरी द्यायचंच, यावर दोन्ही पक्षांचं एकमत!

पण थांबणं मला परवडतं. उद्या ताप चढला तर डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत आणि सुट्टीचा पगारही कापला जात नाही. दिंडोरीत द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. तिने गोळी मागितली तर मी कोणत्या तोंडाने तिला उपदेश करू?

तेलांना खरी जागा मिळते ती जनावरांच्या खाद्यात, असं माझं मत. वजन वाढावं म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळणं युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून बंद आहे. त्यानंतर थायमॉल आणि त्याच्याच जातीचं कार्व्हाक्रॉल खाद्यात आले. तरी इथे नेदरलँड्समधल्या गोठ्यांतली अँटिबायोटिक निम्म्याहून कमी झाली त्याचं श्रेय मी तेलांना देणार नाही. ते प्रत्येक डोसची नोंद ठेवण्याला, लसीला आणि स्वच्छतेला जातं.

हे सगळं मी सटाण्याच्या मामाला ऐकवलं. त्याच्या डाळिंबावर तेल्या आलाय. तेल्या जिवाणूंचा रोग; त्यावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक फवारलं गेलं. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगावरचं औषध. शेतीतला त्याचा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्राने २०२१ मध्ये काढला. आता एक जण मामाला कसल्याशा अर्काची बाटली विकतोय.

"मग फवारू काय?" मामाने विचारलं.

रोगट फांद्या छाटून जाळ, प्रत्येक झाडानंतर कात्री जंतुनाशकात बुडव, पावसाळ्यातला मृग बहार सोड आणि पावसानंतरचा हस्त बहार धर, असं मी सांगितलं.

"मृग सोडतो," मामा म्हणाला. "सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तू भरतोस का?"