पासवर्ड बरोबर आहे हो, तुमचं सॉफ्टवेअर जुनाट आहे!

"सर, तुमचा पासवर्ड चुकतोय, परत एकदा टाकून बघा." सपोर्टवाल्यांचं हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. अहो, त्याच पासवर्डने ब्राउझरमध्ये मेल उघडतंय, फोनवर उघडतंय, फक्त तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून बिलं जात नाहीयेत! लॉग उघडला तर मेल सर्व्हरने ५३५ एरर (लॉगिन नाकारल्याचा) देऊन पुढे सरळ सरळ लिहिलंय की बेसिक ऑथेंटिकेशन, म्हणजे नुसतं युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करायची जुनी पद्धत, बंद आहे. ती ओळ गिळून टाकायची आणि स्क्रीनवर 'इनव्हॅलिड पासवर्ड' दाखवायचं, हा कुठला न्याय? मग अकाउंट्समधली माणसं दिवसभर पासवर्ड बदलत बसतात आणि शिव्या मला पडतात.

बरं, हे काही रातोरात झालेलं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्येच सांगितलं होतं की एक्सचेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेतून बेसिक ऑथ काढणार. करोना आला, तारीख पुढे गेली, आणि शेवटी १ ऑक्टोबर २०२२ पासून खरोखर बंद करायला घेतलं. एसएमटीपीला, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या मार्गाने मेल पाठवतं त्याला, तेव्हा सूट दिली, तर बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आमच्या या महाशयांना वाटलं, चला, सुटलो! गूगलने साध्या जीमेल खात्यांवरची 'लेस सिक्युअर अ‍ॅप्स'ची (नुसत्या पासवर्डने लॉगिन करणाऱ्या सॉफ्टवेअरची) सोय ३० मे २०२२ ला बंद केली. आणि पासवर्डऐवजी टोकन, म्हणजे तात्पुरता डिजिटल परवाना, वापरणाऱ्या ज्या ओऑथ २.० वर जायला सगळे सांगतायत, त्याचं स्टँडर्ड २०१२ चं आहे. एवढ्या वर्षांत यांनी काय केलं? स्प्लॅश स्क्रीनचा रंग बदलला.

माझा राग जुनी पद्धत बंद करणाऱ्यांवर नाहीच. ती जायलाच हवी होती. बेसिक ऑथमध्ये प्रत्येक कनेक्शनला युजरनेम-पासवर्ड जसाच्या तसा जातो. बेस६४ मध्ये गुंडाळलेला असतो खरा, पण ते एन्क्रिप्शन नव्हे, कुणीही उलगडू शकतं. कनेक्शन एन्क्रिप्ट करणारं टीएलएस नसेल तर मधल्या कुणालाही आयता पासवर्ड मिळतो. त्यात टू-स्टेपचा, म्हणजे पासवर्डनंतरचा दुसरा, कोड विचारायला जागाच नाही, म्हणजे चोराला एक पासवर्ड मिळाला की काम फत्ते. आणि तो पासवर्ड हे लोक ठेवतात कुठे? इन्स्टॉल फोल्डरमधल्या आयएनआय फाइलमध्ये, साध्या अक्षरांत. नोटपॅडने उघडा आणि वाचा!

त्यावर यांचे सल्ले ऐका. पहिला, "टू-स्टेप बंद करून बघा." आता गूगलच्या खात्यावर टू-स्टेप बंद केलं की एकेका सॉफ्टवेअरसाठी वेगळा बनवायचा अ‍ॅप पासवर्डसुद्धा मिळत नाही, हे यांना मी सांगायचं! दुसरा, "अ‍ॅप पासवर्ड करा ना." केला. सोळा अक्षरांचा. चालला. मग कुणीतरी खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला, अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द झाला, आणि ऐन महिनाअखेरीस बिलं अडकली. परत सपोर्ट, परत "सर, पासवर्ड चुकतोय."

शेवटी म्हणाले, नव्या व्हर्जनमध्ये ओऑथ आहे. वेगळे पैसे भरा. म्हणजे तुमचं काम तुम्ही वेळेत केलं नाही, त्याचा भुर्दंड आम्ही सोसायचा. भरले. आणि ते ओऑथ कसलं? लॉगिनची विंडो येते, परवानगी दिली की टोकन मिळतं, आणि तासाभराने ते संपलं की परत विंडो! विंडो न दाखवता नवं टोकन मिळवून देणारं रिफ्रेश टोकन जपून ठेवायचं असतं हे लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावं. रिपोर्ट रात्री दोनला आपोआप जातात हो. तेव्हा 'अलाऊ' दाबायला कोण बसणार, मी? माणूस समोर नसताना सर्व्हरने स्वतःच टोकन घ्यायची पद्धतसुद्धा त्याच २०१२ च्या स्टँडर्डमध्ये आहे. वाचा की जरा.

स्कॅन मेलने पाठवणाऱ्या जुन्या स्कॅनरचं मी समजू शकतो. त्याच्या फर्मवेअरला वालीच उरलेला नाही, त्याला ऑफिसातल्या आतल्या रिलेवरून (मेल पुढे ढकलणाऱ्या सर्व्हरवरून) मेल पाठवू देतो आणि गप्प बसतो. पण दरवर्षी मेंटेनन्सचे पैसे घेणाऱ्यांचं काय? विचारलं तर "रोडमॅपवर आहे सर." कधीपासून आहे? आणि तो होईल तेव्हा होवो, निदान सर्व्हर जो एरर देतो तो जसाच्या तसा स्क्रीनवर दाखवा. एका ओळीचं काम आहे. तेवढ्यासाठी तरी वेगळे पैसे मागू नका.