मुकुटाखालचं चक्र

रविवारी संध्याकाळी राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर महेशनं रुमालाची गाठ सोडली आणि आजोबांचं भारतीय स्वातंत्र्य पदक माझ्या तळहातावर ठेवलं. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. तिरंगी रिबनचा केशरी पट्टा विटून मातकट झालाय, हिरवा अजून शाबूत. एका बाजूला सारनाथचे सिंह आणि इंग्रजीत 15 ऑगस्ट 1947. उलटवलं तर अशोकचक्र, आणि त्याच्या डोक्यावर चक्क ब्रिटिश मुकुट!

"फ्रेम करायच्या आधी सोनाराकडून हा मुकुट घासून घेतो," महेश म्हणाला.

"अजिबात नाही," मी म्हटलं. पदक 1948 मध्ये सुरू झालं. देश स्वतंत्र होता, पण 26 जानेवारी 1950 पर्यंत कागदोपत्री राजा सहावा जॉर्जच. चक्र आलं होतं, मुकुट जायचा होता. ती अडीच वर्षं घासून कशी पुसायची?

बाळूचं म्हणणं मात्र जिव्हारी लागलं. "त्या दिवशी फौजेत होता त्या प्रत्येकाला हे मिळालं. हजेरीचं पदक! माझा आजा पत्री सरकारात, इंग्रजांविरुद्ध भूमिगत. 43 सालापासून उसाच्या फडात रात्री काढल्या त्यानं. स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट कधी मिळाला? 1972 ला! पंचवीस वर्षं गेली, मर्दा."

कुणीच बोललं नाही. उशीर झाला, हे खरंच आहे आणि त्याला माफी नाही.

पण "हजेरी" हा शब्द मला सोसवला नाही. त्या पावसाळ्यात फौजेचीच वाटणी चालली होती. पलटणी, तोफा, सामानसुमान, सगळं दोन देशांत. एका ताटात जेवलेले सोबती पलीकडे गेले. अशा दिवसांत जागेवर उभं राहणं थोडं नव्हतं. पुढं 1972, 1997 आणि 2022 लाही सरकारनं त्याच न्यायानं पदकं काढली: त्या त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला जो वर्दीत, त्याला. शौर्यपदकात एक जण निवडला जातो. इथं जवान आणि जनरल एकाच रिबनखाली येतात. मला हेच मोठं वाटतं.

महेशनं पदक दिव्याच्या उजेडात आडवं धरलं. कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं. बाळू नखानं एकेक अक्षर चाचपत वाचत गेला.

"आडनावाचं स्पेलिंग चुकलंय रं."

"आजोबांनी कधी दुरुस्त करून घेतलं नाही," महेश म्हणाला.

"मग तूही कशाला हात लावतोस?" बाळूनंच विचारलं.

फ्रेममध्ये कुठली बाजू पुढं, यावर मग पुन्हा जुंपली. मी म्हटलं, दोन्हीकडून काच बसव.