परदेशातून: जाळीबंदी जशीच्या तशी उचलू नका

ठाणे-नवी मुंबईत हौसेनं गळ टाकणाऱ्यांची तक्रार नवी नाही. गायमुखला बसा, वाशीच्या सागर विहारला बसा नाहीतर दिवाळे बंदरावर, बोलणं तिथेच येतं: खाडीत जाळी फार झाली, जिताडा गळाला लागेनासा झाला, लागला तर वीतभर. त्यामागोमाग उदाहरण येतं ऑस्ट्रेलियाचं. तिकडे सरकारनं जाळीच बंद केली, आता मीटरभर लांबीचे मासे मिळतात. मग ठाणे खाडीतही बंद करा.

ऑस्ट्रेलियातल्या ज्या राज्यात मी राहते, त्या क्वीन्सलँडमध्ये हे खरोखर झालं आहे. 1 नोव्हेंबर 2015 पासून केर्न्स, मकायच्या उत्तरेचा किनारा आणि रॉकहॅम्प्टनजवळची फिट्झरॉय नदी व केपेल बे, अशा तीन पट्ट्यांत धंद्याची जाळी बंद आहेत. इथला बारामुंडी म्हणजे आपला जिताडाच, जातसुद्धा एकच. त्यामुळे तुलना करावीशी वाटणं साहजिक आहे, आणि गळवाल्यांची तळमळही मला पटते. पण त्यांची मागणी जशी आहे तशी मला मान्य नाही. इथल्या बंदीच्या खाली नियमांची जी बैठक आहे, ती ठाण्यात अजून घातलेली नाही. ती न घालता वरची बंदी तेवढी आणली, तर कोळीवाडे उठतील आणि जिताडा परत येणार नाही.

ती बैठक काय, ते आधी सांगते. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर बारामुंडी 58 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ठेवता येत नाही, आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तरीही नाही. जवळ बाळगायची मर्यादा माणशी 5. नोव्हेंबरच्या 1 तारखेच्या दुपारपासून फेब्रुवारीच्या 1 तारखेच्या दुपारपर्यंत पूर्व किनाऱ्यावर तो धरायचाच नाही. गळानं हौसेखातर धरलेला मासा विकणं हा गुन्हा.

खालची मर्यादा कुणालाही समजते, वरची ऐकून मात्र आपल्याकडचे लोक चकित होतात. तिचं कारण जिताड्याच्या शरीरात आहे. हा मासा आधी नर म्हणून वयात येतो, साधारण 55 ते 60 सेंटिमीटरला. पुढे काही वर्षं नर म्हणूनच जगतो आणि 80 ते 100 सेंटिमीटरच्या आसपास त्याची मादी होते. म्हणजे खाडीतली प्रत्येक मोठी मादी ही जाळ्यांतून, गळांतून, दूषित पाण्यातून कित्येक वर्षं वाचलेला नर असते. लहान मासे सगळे उचलले तर नरच उरत नाहीत, मोठे सगळे उचलले तर अंडी घालणारं कुणी उरत नाही. अंडी घालायला तो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो. पिल्लं भरतीबरोबर वर येतात आणि खारफुटीत, खाजणात, गोड्या पाण्याच्या ओहोळांत वाढतात. रायगडात पेण-अलिबागकडे हीच पिल्लं खाडीतून आणून शेततळ्यांत सोडतात, ते उगीच नाही. गोड्या-मचूळ पाण्यात जिताडा झकास वाढतो. वीण मात्र खाऱ्या पाण्याशिवाय होत नाही.

आता पैशांचं. इथे धंद्याची जाळी बंद झाली ती परवाने विकत घेऊन. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये 2002 साली गळवाल्यांसाठी 30 जागा राखीव झाल्या, आणि त्यासाठीचे परवाने गळवाल्यांनीच भरलेल्या फीमधून विकत घेतले गेले. ज्याला जाळी नको, त्यानं किंमत भरली. शिवाय आदिवासी समाजांचा परंपरेनं, घरापुरती मासेमारी करण्याचा हक्क क्वीन्सलँडच्या कायद्यानं राखून ठेवला. आपल्याकडे "ऑस्ट्रेलियानं बंद केलं" एवढंच पोहोचतं, हे दोन मुद्दे वाटेत गळून जातात.

ठाणे खाडीत ज्यांची जाळी आहेत, त्यांच्याकडे विकत घेण्यासारखा परवान्याचा कागद नाही, पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क आहे. चेंदणी, विटावा, ऐरोली, घणसोली, जुहूगाव, वाशी, सारसोळे, करावे, दिवाळे ही गावं शहराच्या आधीची. पुरुष पाण्यात आणि बाई बाजारात, असं घर चालतं. जाळं उचललं की दोन्ही कामं जातात. मुंबई उच्च न्यायालयानं 2021 मध्ये तिसऱ्या ठाणे खाडी पुलाच्या प्रकरणात मच्छीमारांच्या नुकसानभरपाईचं धोरण ठरवायला सरकारला सांगितलं, ते याच उपजीविकेसाठी. ज्यांना पूल, भराव आणि कारखान्यांचं पाणी या तिन्हींनी मागे ढकललं, त्यांनाच आता गळवाल्यांनी ढकलावं हे मला पटत नाही.

तरीही जाळ्यांमुळे काही बिघडत नाही, असंही मी म्हणणार नाही. "जाळं" हा एकच शब्द वापरल्यानं वाद भलतीकडे जातो. पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, घ्या. माणूस छातीभर पाण्यात उभा राहून फेकतो, लगेच ओढतो, लहान बोई परत सोडू शकतो, ती जगते. क्वीन्सलँडमध्ये हौशी माणसालासुद्धा 3.7 मीटरपर्यंतचा पाग चालतो. चिंबोऱ्यांचा उघडा फग, म्हणजे आमिष बांधून पाण्यात सोडायचं कड्याचं जाळं, तर कुणालाच अडकवून ठेवत नाही. उभं लावलेलं तंगुसाचं जाळं आसाच्या, म्हणजे जाळ्यातल्या भोकाच्या, मापानं निवड करतं: आस मोठा तर लहान मासा आरपार जातो, फार मोठा धडकून वळतो. त्याचा दोष वेळेत आहे. दोन तासांनी उचललं तर नको असलेला मासा जिवंत सुटतो. उन्हाळ्याच्या तापलेल्या पाण्यात रात्रभर राहिलं तर सकाळी सगळं मेलेलं, आणि अर्धं चिंबोऱ्यांनी कुरतडलेलं.

खरी अडचण आहे खांबांना बांधून प्रवाहात तोंड उघडं ठेवलेल्या बोक्शीची. ती मासा शोधत नाही, पाणी गाळते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ठाणे खाडीत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. भरतीला पिल्लं खारफुटीत शिरून चरतात आणि ओहोटी लागली की चिखलावरचं सगळं पाणी अरुंद चरांतून खाली येतं, पिल्लांसकट. बोक्शी नेमकी त्या चराच्या तोंडाशी असते. जाळ्याचं शेपूट, म्हणजे खोला, इतक्या बारीक आसाचा असतो की बोटाएवढं पिल्लूही थांबतं.

"आस मोठा करा" म्हणणं सोपं आहे. पण जवळ्याला बारीक आसच लागतो, आणि जवळा हे त्या घराचं पावसाळ्यापुरतं सुकं आहे. दुसरं, नेहमीचा आस चौकटीला तिरका, पतंगासारखा असतो. खोल्यात वजन आलं की दोर ताणतो आणि तो आस मिटतो; कागदावर 20 मिलिमीटर, पाण्यात चार. तोच तुकडा सरळ चौकोनी आसानं शिवला तर ताणातही उघडा राहतो. तिसरी गोष्ट खास आपल्या खाडीची: प्लास्टिक. दुधाच्या चार पिशव्या खोल्यात आतून चिकटल्या की आस कितीचा हा प्रश्नच उरत नाही, तिथे भिंत तयार होते. मागचं पाणी तुंबतं, जाळं फुगतं, खांबाची गाठ सुटते नाहीतर खोला फाटतो. कोळ्याचंही नुकसान, पिल्लांचंही.

म्हणून मी गळवाल्यांना सांगेन की बंदीऐवजी या तीन गोष्टी मागा. चराची पूर्ण रुंदी कुणी अडवायची नाही, निदान तिसरा हिस्सा पाणी मोकळं ठेवायचं. बोक्शीच्या गळ्याशी दांड्यांची तिरकी चौकट, दांड्यांमधलं अंतर 25 मिलिमीटरच्या आसपास, आणि तिच्या वरच्या टोकाला भोक: जवळा दांड्यांमधून मागे जातो, मोठा मासा घसरून वर बाहेर पडतो. ही चौकट पालापाचोळ्यानं भरते, दर ओहोटीला झटकावीच लागते, नाहीतर प्रवाह वळतो आणि जवळाही जातो. आणि दोन-तीन सेंटिमीटरची पिल्लं याही उपायानं वाचत नाहीत. त्यांच्यासाठी वेळच पाळावी लागेल: पावसाळा ओसरताना, पिल्लं वर चढतात त्या आठवड्यांत, उधाणाच्या चार-चार दिवसांना बोक्शी उचलून ठेवायची. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, पाण्याला ओढ कमी, तेव्हा लावायला हरकत नाही. त्या उचललेल्या दिवसांचे पैसे कोळ्याला मिळायला हवेत, आणि इथे गळवाल्यांच्या फीचा विचार व्हावा.

राज्याचा कायदा आहेच. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. 1 जून ते 31 जुलैची पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना लागते, पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना नाही. 2023 मध्ये 54 जातींच्या किमान आकाराची यादी निघाली, हे चांगलं पाऊल. पण माप लावायचं कुठे? मोठ्या बंदरावर माणूस उभा करता येतो. खाडीकाठच्या गल्लीत पाटीतून विकली जाणारी मासळी पट्टीखालून जात नाही.

गळवाल्यांकडे माझं जास्त मागणं आहे, कारण त्यांचा मासा पोटासाठी नसतो. 30 सेंटिमीटरचा जिताडा हातात धरून फोटो काढायचा आणि पिशवीत टाकायचा, मग जाळ्यांवर बोलायचं, हे चालणार नाही. माप काढायची पद्धत साधी आहे: मासा ओल्या पट्टीवर आडवा, तोंड मिटलेलं, थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. 58 पेक्षा कमी भरला तर पाण्यात. जगावा असं वाटत असेल तर गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून टाका. जिवंत कोळंबी लावत असाल तर गोल वळणाचा गळ वापरा, तो घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त हिसका द्यायचा नाही, दोर आपोआप ताणू द्यायचा. बारीक दोरानं वीस मिनिटं दमवलेला मासा मे महिन्याच्या पाण्यात सोडला तरी मरतो, तेव्हा दोर जाड घ्या आणि लवकर ओढा. हात ओले करा. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका, त्याच्याच वजनानं जबडा आणि कणा दुखावतो. दुसरा हात पोटाखाली हवा.

चिंबोरीचंही तेच. क्वीन्सलँडमध्ये मादी चिंबोरी कुणीच ठेवायची नाही, नर 15 सेंटिमीटर रुंदीच्या वरचाच. आपल्याकडे गाबोळीनं भरलेल्या मादीला जास्त भाव, आणि तो भाव देणारे आपणच आहोत, कोळी नव्हे. निदान गळवाल्यांनी ती पाण्यात परत टाकावी.

आता जाळ्यांइतकीच, माझ्या मते त्यांच्याहून मोठी गोष्ट. फिट्झरॉय नदीवर रॉकहॅम्प्टनला बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्यात माशांना वर चढायला वाट ठेवलेली आहे. नवी मुंबईत भरतीचं पाणी शहरात येऊ नये म्हणून धारण तलाव बांधले, त्यांना एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा लावल्या. ओहोटीला उघडतात, भरतीला मिटतात. पूर अडवायला ते बरोबर, पण पिल्लू वर चढतं भरतीलाच, आणि त्याला दार नेमकं बंद सापडतं. झडपेला तरंगणारा फ्लोट जोडून ती भरतीच्या पहिल्या टप्प्यात हातभर उघडी ठेवता येते, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की फ्लोट चढतो आणि ती मिटते. गाळ काढणं मात्र दरवर्षी हवं, नाहीतर झडप ना उघडत ना मिटत. ठाणे-बेलापूर (टीटीसी) औद्योगिक पट्ट्यातलं कारखान्यांचं पाणी आणि शहराचं सांडपाणी मिळून खाडीच्या वरच्या, अरुंद भागात विरघळलेला प्राणवायू खाली आणतात. लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे ती जागा सोडतात. तिथे एकही जाळं नसलं तरी गळ कोरडाच राहील.

खाडीचा 1690 हेक्टरचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे. म्हणजे सरकारी बैठका होतात, तिथे वन विभाग बसतो, मत्स्य विभाग बसतो. गळवाल्यांनी पुढच्या बैठकीला जाताना "जाळी हटवा" हा अर्ज घरी ठेवावा. त्याऐवजी तारीख, भरती, जागा, लांबी आणि सोडला की ठेवला, अशा पाच रकान्यांची वर्षभराची वही न्यावी, आणि जाताना वाशी-दिवाळ्याच्या मच्छीमार सोसायटीतल्या दोघांना बरोबर घ्यावं, त्यांची वही शेजारी ठेवून. झडपांची मागणी दोघांनी मिळून करावी. तिच्यात कुणाचंच जाळं उचलावं लागत नाही, आणि पुढच्या पावसाळ्याआधी एका तलावावर ती करून बघता येते.