जीव मुठीत, दुर्बीण गळ्यात

बेळगावकराला समुद्र म्हणजे मासे. सुट्टी मिळाली की शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीचा घाट उतरायचा, सुरमईचं ताट ओरपायचं आणि रात्री शहापुरात येऊन झोपायचं. समुद्रावर पक्षी बघायला जायचं हे खूळ आमच्या मेहुण्याचं. त्याने दुर्बीण घेतल्यापासून घरातल्या प्रत्येकाने मान वर करूनच चालावं असा त्याचा हट्ट असतो.

"भावोजी, समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्सवर सुरय पक्ष्यांची वसाहत आहे. ह्यूमसाहेब गेलता तिथं!"

हाच तो १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करणारा ह्यूम. त्याआधी तो पक्षी गोळा करत हिंडायचा. दोन्ही कामांत गर्दी आणि गोंगाट सारखाच असणार.

"काय बघायचं तिथं?" सासूबाईंनी विचारलं.

"घरटी, अंडी."

"अंडी खासबागच्या बाजारात मिळतात की रे."

तरी त्या आल्या. घाटाच्या वळणांबद्दल लिहीत नाही. आवळा सुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या दोन्ही संपल्या, एवढं पुरे.

निवतीच्या बंदरावर होडीवाल्याने आधी गाडीची केए बावीसची पाटी बघितली, मग आम्हाला. "गाडी कर्नाटकची, पण मराठी बरां बोलतास हां!" १९५६ पासून आम्ही जे दिल्लीला पटवतोय, ते या माणसाला दोन वाक्यांत पटलं. भाड्यात मात्र त्याने सीमाभागाला कसलीही सवलत दिली नाही.

किनाऱ्यावरून समुद्र सपाट दिसतो. आत गेल्यावर कळतं की तो श्वास घेतो, आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर आपली न्याहारी वर येते. दीपगृह दिसायला लागलं. खडक पांढरेफटक होते. मला वाटलं चुना मारलाय, पण वाऱ्याची दिशा बदलली आणि चुन्याबद्दलचा गैरसमज नाकानेच दूर केला. पिढ्यान् पिढ्यांची विष्ठा!

होडी खडकाला लावायला होडीवाला तयार नव्हता. लाटा आपटत होत्या, त्यामुळे लांबूनच फेऱ्या. डोक्यावर काळी टोपी, अणकुचीदार चोच, दुभंगलेली शेपूट; सुरय हवेत थबकायचा, खाली रोखून बघायचा आणि दगडासारखा पाण्यात कोसळायचा. घरट्याच्या नावाखाली काडीसुद्धा नाही, अंडं थेट कातळावर. आमच्या गल्लीत भाड्याच्या खोलीला एवढ्या सोयी नसल्या तर लोक आगाऊ रक्कम परत मागतात.

"त्या गुहांत पाकोळ्या आहेत," मेहुणा ओरडला. "लाळेची घरटी करतात. चोर ती पळवतात, त्याचं सूप होतं."

"थुंकीचं सूप?" सासूबाई उसळल्या. "आणि तू माझ्या आमटीला नावं ठेवतोस?"

सूप हा शब्द त्या क्षणी कुणी उच्चारायला नको होता. मी होडीच्या कडेला धावलो. जे व्हायचं ते झालं, आणि दोन मिनिटांत तिथं बारीक मासळी गोळा झाली. मासळी दिसल्याबरोबर सुरय आले. एक, दुसरा, मग थवाच. माझ्या कानाजवळून सपकन् खाली जात होते, चोचीत चकाकणारा मासा घेऊन वर येत होते. मेहुण्याचा कॅमेरा थांबत नव्हता.

"पाणी द्या रे कुणीतरी," मी कण्हलो.

"थांबा भावोजी, पाणी नको एवढ्यात," मेहुणा गुडघ्यावर बसून म्हणाला. "आणखी थोडं येतंय का बघा की!"