सीएल संपली की दहाव्याला खाडा

जळगाव-धुळ्याकडे घरातलं माणूस गेलं की कामावरच्या सुट्टीचा वाद ठरलेला. एक म्हणतो, सुतक तेरा दिवसांचं, तर पगारी रजाही तेरा दिवस द्या. दुसरा म्हणतो, वेगळी रजा कशाला, सीएल म्हणजे किरकोळ रजा आहे ना? न्यूझीलंडमध्ये राहून हा वाद ऐकताना वाटतं की आकड्यावर भांडण्याआधी हे दिवस नेमके कधी लागतात ते पाहायला हवं.

पहिला दिवस अंत्यविधीचा. तिसऱ्या दिवशी राख सावडायची. दहाव्याला नदी गाठायची: कुणी प्रकाशा गावी जातं, कुणी चांगदेवला, कुणी गावाजवळच्या तापीकाठी. पुढे गंधमुक्ती आणि उत्तरकार्य. मधल्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ असते, पण रोजावर पोट असलेला माणूस तेव्हाही कामाला जातोच. मग कागद सुरू होतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. दाखला हातात आला की तलाठ्याकडे वारसाचा अर्ज, ६-क नोंदवहीत नोंद, फेरफार, १५ दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, तेव्हा कुठे सातबारावर नाव. गेलेला माणूस नोकरीत असेल तर पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ. ही सगळी कार्यालयं उघडी असतात ती नेमकी पहिल्या पाळीच्या वेळेत. म्हणजे सुट्टी लागते पाच-सहा दिवसच, पण ती दोन-तीन महिन्यांत विखुरलेली.

इथे न्यूझीलंडच्या २००३ च्या हॉलिडेज ॲक्टमध्ये हे बरोबर धरलं आहे. सहा महिने नोकरी झालेल्याला जवळचं माणूस गेल्यावर तीन दिवस पगारी रजा मिळते. वर्षात दोन मृत्यू झाले तर प्रत्येकासाठी वेगळे तीन. ते सलग घ्यावे लागत नाहीत, लगेच घ्यावे लागत नाहीत. जोडीदाराचे आईवडील यादीत आहेत, आजीआजोबा आहेत, नातवंडं आहेत. काका किंवा मित्र गेला तर एक दिवस. तो देताना मालकाने किती जवळीक होती, विधीची जबाबदारी याच्यावर आहे का आणि परंपरेने काही करावं लागतं का, हे पाहायचं असतं. २०२१ पासून आपोआप झालेल्या गर्भपातानंतरही ही रजा आहे.

आपल्याकडे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम वीस किंवा जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ सीएल देतो, पण त्या तिमाहीने खात्यात जमा होतात. फेब्रुवारीत वडील गेले तर हक्काच्या दोनच. त्या अंत्यविधी आणि सावडण्यात संपल्या की दहाव्याला खाडा. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये भरपगारी रजेसाठी १५ दिवस आधी लेखी अर्ज लागायचा, तीही वर्षात तीनदाच मिळायची. मरण पंधरा दिवस आधी कळवून येत नाही. २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत रजेच्या पात्रतेचे २४० दिवस १८० वर आले, शोकरजा मात्र तिथेही नाही.

सर्वांत जास्त मार बसतो ठेकेदाराकडच्या माणसाला. चटईच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये किंवा डाळ मिलमध्ये डोक्याचे केस काढलेला माणूस अकराव्या दिवशी सकाळी पाळीवर उभा दिसतो. मागच्या खाड्यांचा रोज गेलेला असतो, पूर्ण हजेरीचा भत्ता असेल तर तोही.

मिलमालकाला वेगळी शोकरजा परवडेल का? वीस कामगार, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६,००० हजेऱ्या. वर्षात पाच घरांत मृत्यू झाले आणि प्रत्येकी पाच दिवस दिले तरी २५ होतात. म्हणजे शंभर हजेऱ्यांमागे अर्धीही नाही.

इथलं सगळंच उचलावं असं मात्र नाही. तीन दिवस इथेही अपुरेच. ऑकलंडहून जळगावच्या घरी पोचेपर्यंत त्यातला निम्मा वेळ वाटेतच जातो, उरलेलं वार्षिक रजेतून काढावं लागतं. आणि शेजारणीने भाकरी-पिठल्याचा डबा आणून जबरदस्तीने दोन घास खायला लावणं कोणताच कायदा देत नाही. ते खान्देशात अजून आहे.

म्हणून मला हवी ती रजा अशी: सीएलव्यतिरिक्त पाच दिवस, सहा महिन्यांत तुकड्यांनी घेता येणारे, सासूसासऱ्यांसाठीही, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर रोजासकट भरले जाणारे. पहिल्या दिवशी फोन पुरेसा धरावा. दाखला मागायचा तो नोंद झाल्यावर. प्रेत घरात असताना ‘आधी कागद आण’ म्हणण्याची मुभा कुणालाही नको.