तारूचं जंगल

ताडोबा हे नाव काही वन खात्यानं दिलेलं नाही. तारू नावाचा गोंडांचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि त्याचा देव झाला, असं तिथली माणसं सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. गाइड बोट दाखवतो, आपण मान डोलावतो आणि पुन्हा झुडपांत पट्टे शोधायला लागतो.

१९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं ते जेमतेम ११६ चौरस किलोमीटरचं. १९८६ ला अंधारी अभयारण्य, १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, पुढे भोवती बफर, म्हणजे गाभ्याला राखणारा पट्टा. नकाशावरची रेघ दर वेळी बाहेर सरकली आणि आतली गावं एकेक करून उठली. बोटेझरी, नवेगाव, जामणी. सगळ्यांना हुसकावलं असं मी म्हणणार नाही. रस्ता नाही, दवाखाना नाही, धान रानडुकरांच्या पोटात. कित्येकांना जायचंच होतं. पण गाव सोडण्यासाठी तेव्हा कुटुंबामागे १० लाख ठरले होते, तो आकडा सांगताना आपण जो 'एवढे!' असा सूर लावतो ना, तो मला खटकतो.

२००९ मध्ये ताडोबाजवळच्या लोहाऱ्याच्या कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपूरकर उभे राहिले, खाण झाली नाही. छानच झालं. तिथं कुणाच्या बाजूनं बोलायचं हे लगेच कळत होतं. मोहफुलांचं तसं नाही.

मार्च-एप्रिलात पहाटे मोह गळतो. पाल्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. आग हाताबाहेर गेली की वनरक्षक रात्रभर ती झोडपत राहतो. त्याचा राग खोटा नाही. खाली वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस वाटेलच असं नाही, म्हणून अंधारात जाऊ नका, असं सांगतात. पण उजाडेपर्यंत थांबलं तर फुलं चितळं नि गुरं खाऊन जातात.

गाइड, जिप्सीवाले गावातलेच आहेत, हे मान्य. तरी माझ्या मते गेटवर जमणाऱ्या पैशावर पहिला हक्क या वेचणाऱ्या बायांचा हवा, रिसॉर्टकडे जाणाऱ्या रस्त्यांचा नंतर.

एका एप्रिलात मोहर्लीहून सकाळची सफारी करून वाघ न बघताच परतत होतो. गावाजवळ जिप्सी थांबली. टोपली घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "दिसला का जी?"

"नाही."

"आमाले दिसला सकारी. मोहाखालीच बसून होता."

ती तिथून कशी सुटली हे विचारायचं सोडून मी विचारलं, "कुठं?"