सवयी लावून मिळतील

लोकांच्या सवयी सुधारणारं ॲप काढताय? छान. एक धोका आधीच सांगून ठेवतो: माणूस खरोखर सुधारला, तर तो तुमचं ॲप काढून टाकेल. तेव्हा जरा बेतानं.

स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांनी २००९ मध्ये सूत्र मांडलं. इच्छा हवी, काम जमण्याजोगं हवं आणि नेमक्या वेळी कुणीतरी टोचायला हवं. तिन्ही जुळलं की माणूस हलतो. इच्छा जागवणं कटकटीचं. काम सोपं करणं त्याहून कटकटीचं. टोचणं मात्र फुकटात होतं, म्हणून तेच करा. रात्री दहाला एक नोटिफिकेशन, अकराला एक आणि पावणेबाराला रडक्या चेहऱ्यासकट तिसरं.

शिवाय सलग दिवसांचा आकडा हवाच. मी स्वतः २१२ दिवस एक परकी भाषा शिकतोय. रात्री अकरा अठ्ठावन्नला, पांघरुणात, एक डोळा मिटून पहिलाच धडा पुन्हा सोडवतो: ‘हे सफरचंद आहे.’ आकडा शाबूत राहतो, त्याशेजारची ज्योत पेटते, मला झोप लागते. उद्या त्या देशात कुणी मला रस्ता विचारला, तर मी सफरचंद दाखवीन. (पावलं मोजणाऱ्या घड्याळाचंही तसंच. पाचशे कमी पडली, तर सोफ्यावर बसून हात हलवावा.)

बक्षीस ठरलेलं नको. दाणा कितव्या टोचीला पडेल याचा नेम राहिला नाही, तेव्हा मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगातली कबुतरं टोचतच राहिली. स्क्रीन खाली ओढायची, गोल फिरेपर्यंत बघत बसायचं, कधी काही येतं, कधी नाही. आपल्याला तर अंगठाही आहे.

आणि शेवट असूच देऊ नका. डिझायनर अझा रास्किन यांनी २००६ मध्ये न संपणारं स्क्रोल काढलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. तुम्हीही आधी काढून घ्या, खेदाचं नंतर बघू.

नाव नोंदवायला एक टॅप पुरे. सोडायला मात्र सेटिंग्ज, खातं, योजना, मग ‘खरंच जाताय?’ आणि त्याखाली फिकट राखाडी ‘हो’. असल्या क्लृप्त्यांना डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हटलं. तुम्ही मीटिंगमध्ये ‘युजर जर्नी’ म्हणा.

एवढं करूनही कुणी निघालाच, तर कारण विचारा. पर्याय चार: महाग आहे, वेळ नाही, दुसरं ॲप मिळालं, चुकून दाबलं. ‘सवय लागली, आता गरज नाही’ हा पाचवा पर्याय चुकूनही ठेवू नका. कुणी तो निवडला, तर वरच्यांना काय सांगणार?